योगशिक्षकाच्या प्रशिक्षणाला निघालात? मग हे वाचून जा

मी योगशिक्षकाच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा 47 वर्षांची होते आणि पुढे वाकले की माझी बोटं नडगीच्या मध्यावर येऊन थांबायची. त्याआधीची 22 वर्षं हिशेबतपासणीत गेली होती. वर्गात बाकीचे बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. त्यातल्या दोघी-तिघी हनुमानासनात, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून, बसून गप्पा मारायच्या. पहिल्याच रात्री परत जायचा विचार पक्का झाला होता. गेले नाही, कारण फी परत मिळणार नव्हती.

आता गेली काही वर्षं मी पलीकडच्या बाजूला बसते. प्रशिक्षणार्थी एकमेकांना शिकवतात तेव्हा मागच्या भिंतीला पाठ टेकून टिपणं काढायची, हे माझं काम. यायच्या आधी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "ताई, मला शीर्षासन येत नाही, चालेल का?" चालेल. तिथे मुख्यतः दोन गोष्टी शिकाव्या लागतात, दुसऱ्याच्या शरीराकडे बघायला आणि मोजकं बोलायला. शीर्षासन येणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी आपोआप येतात असं मी अजून पाहिलेलं नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी

200 तासांचा अभ्यासक्रम हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल. अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेने तो रूढ केला. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाच्या पायऱ्यांमध्येही प्रशिक्षकाची सुरुवात 200 तासांपासून होते आणि पुढे 400, 800, 1600 अशी चढत जाते. म्हणजे 200 तास ही पहिली पायरी. प्रमाणपत्र हातात पडलं की माणूस गुरू होतो असं समजणाऱ्यांनी या आकड्यांकडे एकदा शांतपणे बघावं.

हेच 200 तास 25 दिवसांत रोज आठ तास बसून संपवता येतात, किंवा शनिवार-रविवार करत सात-आठ महिने पुरवता येतात. मला विचाराल तर दुसरा रस्ता घ्या. महिनाभराच्या शिबिरात डोकं भरतं, पण शरीराला जे समजायचं असतं ते दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत समजतं. आज शिकलेली सूचना उद्या घरच्यांवर वापरून बघायची, फसायचं, आणि आठवड्याने परत येऊन का फसलो ते विचारायचं, ही चैन शिबिरात नसते. नोकरी सोडून महिनाभरच मोकळीक असेल तर शिबिर करा, पण पुढचे सहा महिने स्वतःसाठी सरावाचे ठेवा.

संस्थेला फोन कराल तेव्हा परिसर, खोल्या, जेवण हे विचाराच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: 200 पैकी किती तास मी स्वतः उभं राहून इतरांना शिकवणार? उत्तर चाचरत आलं किंवा "शेवटच्या आठवड्यात एकदा" असं आलं तर दुसरीकडे बघा. शरीररचना कोण शिकवतं, एका तुकडीत किती जण असतात, आणि हात लावून आसन दुरुस्त करण्याबद्दल त्यांचा नियम काय, हेही विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाची किंमत मला नंतर कळली. ते पुढे सांगते.

स्वतःची तयारी म्हणाल, तर किमान दोन वर्षं नेमाने सराव झालेला असावा. किती अवघड आसनं येतात याला महत्त्व नाही. कंटाळा आलेल्या दिवशीही तुम्ही मॅटवर बसलात का, एवढंच बघा.

शरीररचना: इथे घाई करू नका

बहुतेकांना हा विषय रुक्ष वाटतो. स्नायूंची लॅटिन नावं पाठ करायची म्हणून तो परीक्षेपुरता उरकला जातो. मला मात्र त्यात पहिल्यांदा खातेवही उघडल्यासारखं वाटलं. मानेचे 7 मणके, छातीच्या मागचे 12, कमरेचे 5. पाठीला पीळ देता तेव्हा तो समसमान वाटला जात नाही. कमरेच्या मणक्यांचे सांधे अशा कोनात बसलेले असतात की ते फारसे फिरूच शकत नाहीत. फिरणं बरंचसं छातीच्या मणक्यांत आणि मानेत होतं. हे एकदा कळलं की अर्धमत्स्येंद्रासनात "कंबर पिळा" ही सूचना तुमच्या तोंडून पुन्हा निघणार नाही. तुम्ही म्हणाल, "कणा उंच करा, छाती वळवा."

दुसरी गोष्ट खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो तिची खोली आणि दिशा, शिवाय त्या हाडाच्या मानेचा कोन, माणसागणिक वेगळा असतो. त्यामुळे कुणाचं पद्मासन चार महिन्यांत बसतं आणि कुणाचं चाळीस वर्षांतही बसत नाही, कारण तिथे स्नायू अडत नसून हाडाला हाड भिडतं. ओळखायचं कसं? साधकाला विचारा, "कुठे अडतंय, आणि कसं?" ताण ज्या बाजूने उघडतोय त्या बाजूला जाणवत असेल तर सरावाने फरक पडू शकतो. ज्या बाजूने सांधा मिटतोय तिथे टोचल्यासारखं, दाबल्यासारखं लागत असेल तर तिथेच थांबायचं. खुबा फिरला नाही की पीळ गुडघ्यावर जातो, आणि गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा. त्याला हा पीळ सोसत नाही. पद्मासनात गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला "होईल सवय" असं सांगणारा शिक्षक भेटला तर उठून या.

तिसरी गोष्ट, झटके. स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायू एकदम ओढला गेला की ते मज्जारज्जूला निरोप देतात आणि स्नायू उलट आवळतो. म्हणून झोके देत पायाची बोटं पकडायला जाणारा माणूस स्वतःच्याच स्नायूशी रस्सीखेच खेळत असतो. हळू जा, थांबा, चार-पाच श्वास द्या, मग स्नायू सैल व्हायला लागतो. पतंजलींनी योगसूत्रांत आसनासाठी "प्रयत्नशैथिल्य", म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, हा शब्द वापरला आहे. शरीररचनेच्या तासानंतर तो शब्द मला पहिल्यांदा नीट उमगला.

आणि हो, फार लवचीक मंडळींकडे जास्त लक्ष द्या. कडक माणसाला त्याचे स्नायू वाचवतात. सैल सांध्यांची मुलगी अधोमुख श्वानासनात कोपरं उलटी वाकवून सांध्यावर लटकते आणि सगळा वर्ग "वा" म्हणतो. तिला कोपर किंचित वाकवायला सांगा, दंड कामाला लावा. तिला आसन एकदम अवघड वाटू लागेल. वाटू दे.

श्वासाचा हिशेब

प्राणायामाच्या तासाला "दीर्घ श्वासाने ऑक्सिजन भरपूर मिळतो" हे वाक्य तुमच्या कानावर येईल. ते तसंच पुढे शिकवू नका. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नुसतं बसलेलं असतानाही 95 ते 100 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्यात आणखी किती भरणार? पण सावकाश श्वासाचा फायदा खराच आहे, आणि तो कागदावर मांडता येतो.

प्रौढ माणूस एका साध्या श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते. ती देवाणघेवाणीच्या कामी येत नाही. आता एक माणूस मिनिटाला 12 श्वास 500 मिलिलिटरचे घेतो आणि दुसरा घाबरलेला माणूस 24 श्वास 250 मिलिलिटरचे. दोघांनीही मिनिटाला 6 लिटर हवा ओढली. पण पहिल्याच्या उपयोगी पडली 350 गुणिले 12, म्हणजे 4,200 मिलिलिटर. दुसऱ्याच्या 100 गुणिले 24, म्हणजे 2,400. आवक सारखी आणि शिल्लक जवळजवळ निम्मी. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गातला सगळ्यात चळवळ्या मुलगासुद्धा गप्प झाला होता.

याच्या उलट टोकाला जाऊन जोरजोरात श्वास केला तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. नवख्यांना ती कुंडलिनीची चाहूल वाटते. शिक्षकाने मान हलवायची नसते. कपालभाती थांबवायची, डोळे उघडायला लावायचे, साधा श्वास घेऊ द्यायचा.

कपालभाती शिकवताना एकच बाब आधी पक्की करा: उच्छ्वास आपण करायचा, श्वास आपोआप येऊ द्यायचा. दोन्ही जोरात केले की ती भस्त्रिकेकडे झुकते. हात पोटावर ठेवून मिनिटाला 30 आघातांपासून सुरुवात करा. 120 ची बढाई नंतर. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, पहिल्या स्तराच्या शिक्षकाने नवशिक्यांना देऊच नये, या मताची मी आहे. माझे काही सहकारी याला अतिसावधपणा म्हणतात.

शुद्धिक्रियांमध्ये बहुतेक ठिकाणी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करून घेतात. मीठ अंदाजे टाकलं की नाक झोंबतं आणि माणूस पुन्हा नेतीच्या वाटेला जात नाही. प्रमाण आहे लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे शरीरातल्या द्रवाइतकाच खारटपणा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. न उकळलेल्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो जो प्यायल्याने काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर बहुधा प्राण घेतो. "नळाचं पाणी स्वच्छच आहे की" म्हणणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा.

ग्रंथ: थोडे, पण खरे

योगसूत्रांत 195 सूत्रं आहेत, काही पाठांत 196. त्यांतली आसनाबद्दल थेट बोलणारी तीन, दुसऱ्या पादातली 46 ते 48. "स्थिरसुखमासनम्" त्यातलंच पहिलं. पंधराव्या शतकाच्या सुमाराची हठप्रदीपिका 15 आसनं सांगते आणि त्यांत उभ्याने करायचं एकही नाही. त्रिकोणासन, वीरभद्रासन शोधायला जाल तर रिकाम्या हाताने परत याल. घेरण्डसंहितेत 32 आसनं येतात, तिथे वृक्षासन भेटतं.

हे कशाला माहीत हवं? "पाच हजार वर्षांपासून हे आसन असंच करतात" असं काहीही ठोकून देण्याची सवय लागू नये म्हणून. सूर्यनमस्कारांची आज वर्गात होते ती मालिका या जुन्या हठग्रंथांत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिचा हिरिरीने प्रसार केला. म्हैसूरला कृष्णम्माचार्यांनी आसनं शिकवली आणि त्यांच्या हाताखालून पट्टाभी जोइस आणि बी. के. एस. अय्यंगार हे दोन पूर्ण वेगळ्या धाटणीचे शिक्षक निघाले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रियांचं प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केलं. तुमची संस्था यांपैकी कोणत्या घराण्याची आहे ते ओळखा; तिथल्या शिकवण्याचे निम्मे आग्रह त्यातून आलेले असतात.

यम-नियमांचा, म्हणजे योगातल्या आचरणाच्या नियमांचा, तास अनेकदा सुविचारांच्या फळ्यासारखा होतो. मी तो एकाच प्रश्नावर आणते: तुमच्या वर्गातला माणूस दुसऱ्या शिक्षकाकडे जातो म्हणाला तर तुम्ही काय बोलाल? अपरिग्रह, म्हणजे धरून न ठेवणं, म्हणजे काय ते उत्तर देताना चेहऱ्यावर दिसतं.

संस्कृत नावं मात्र आपल्याला सोपी पडतात, त्याचा फायदा घ्या. पश्चिमोत्तानासनातली पश्चिम म्हणजे पाठीची बाजू, कारण साधक पूर्वेकडे तोंड करून बसतो असं धरलेलं आहे. मग पूर्वोत्तानासनात शरीराची कोणती बाजू ताणली जाणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. नाव फोडून सांगितलं की आसन निम्मं समजतं.

बोलायला शिकणं

आता खऱ्या कामाचं. सरावपाठात माणसं इथे कोसळतात.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. एरवी याचं काही वाटत नाही, पण योगवर्गात हा रोजचा घोळ आहे. शिक्षिका म्हणते, "उजवा पाय, जो आत्ता पुढे आहे, तो श्वास सोडत, गुडघा न वाकवता, सावकाश मागे न्या." 'उजवा पाय' ऐकल्याबरोबर अर्ध्या वर्गाने तो उचललेला असतो आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत बिचारे एका पायावर डुगडुगत उभे असतात. उपाय सोपा: वाक्य तोडा. "श्वास सोडा. उजवा पाय मागे न्या. गुडघा सरळ." तीन तुकडे, प्रत्येकात एकच काम. श्वास आधी सांगा, अवयव नंतर, दिशा आणि क्रिया लगेच त्याच्या मागे.

नकाराचंही तेच. "खांदे उचलू नका" यातला 'नका' येईपर्यंत खांदे वर गेलेले असतात. "खांदे खाली" म्हणा. "मान वाकडी करू नका" ऐवजी "नजर समोर."

'करूया' हा आणखी एक सापळा. स्वतः वर्गात फिरत असताना "आपण हात वर घेऊया" म्हणणारा शिक्षक कुणाच्या हातांबद्दल बोलतोय? तुम्ही करत नसाल तर "घ्या" म्हणा. त्यात उद्धटपणा नाही. उलट वीस माणसांच्या वर्गात सगळ्यांना सारखंच "तुम्ही" म्हटलं की ओळखीच्या मैत्रिणीला "तू" आणि बाकीच्यांना "तुम्ही" असा भेदही दिसत नाही.

तुमचा पहिला सरावपाठ मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. माझ्या वीस मिनिटांच्या पाठात "हळूच" हा शब्द 61 वेळा आला होता. मोजले, सवयच ती. एका सहाध्यायाचं दर वाक्यानंतर "ओके?" होतं, दुसरीचं "छान, छान". हे शब्द एकदम काढायला जाऊ नका, घशात आवंढा येतो. त्यांच्या जागी एक पूर्ण श्वास घ्या. तुम्हाला ती शांतता भीतिदायक लांब वाटेल, वर्गाला मात्र ती हवीच असते.

समोर तोंड करून शिकवताना आरशाचा नियम लागतो: तोंडाने "उजवा हात" म्हणायचं आणि उचलायचा स्वतःचा डावा. मला हे तीन आठवडे जमलं नाही. शेवटी डाव्या तळहातावर पेनाने 'उ' लिहून वर्ग घेतले. कुणी हसलं तर हसू दे.

करून किती दाखवायचं? एकदा, पूर्ण, बाजूने दिसेल असं. मग उठायचं आणि फिरायचं. संपूर्ण वर्ग स्वतः करत बसणारा शिक्षक आपला सराव करत असतो आणि बाकीचे त्याला सोबत करत असतात. डोकं खाली गेलेल्या माणसाला काय दिसतं? अधोमुख श्वानासनात असलेल्याला फक्त स्वतःचे गुडघे दिसतात. त्यावेळी तो पूर्णपणे तुमच्या आवाजावर असतो.

बघायला शिकणं

सुरुवातीला समोर वीस माणसं असली की काहीच दिसत नाही, सगळा गोंधळ दिसतो. मला हिशेबतपासणीने एक सवय दिली होती: आकड्यांचा रकाना वाचायचा नाही, खालून वर नजर न्यायची आणि न बसणारा आकडा शोधायचा. वर्गातही खालून वर जा. जमिनीला काय टेकलंय ते आधी: तळपाय सपाट आहेत का, वजन आतल्या कडेवर पडतंय का. मग गुडघा बोटांच्या रेषेत आहे की आत कोसळलाय. मग खुबे, कणा, खांदे. शेवटी चेहरा. दात आवळलेले, श्वास रोखलेला दिसला तर बाकी सगळं बरोबर असलं तरी त्या माणसाला आसनातून थोडं बाहेर आणा.

तळपाय सुधारला की वरच्या चार चुका पुष्कळदा आपोआप जातात. म्हणून एका माणसाला एका वेळी एकच दुरुस्ती. तीन सांगितल्या तर तो तिन्ही विसरतो आणि वर ओशाळतो. आधी सगळ्या वर्गाला उद्देशून सांगा, "पुढचा गुडघा बाहेरच्या बाजूला." ज्याचा आत आहे तो बहुधा ऐकतो. नाहीच ऐकलं तर जवळ जाऊन हळू आवाजात.

आणि हात लावण्याबद्दल. प्रशिक्षणाच्या पाचव्या आठवड्यात पश्चिमोत्तानासनात असताना एका साहाय्यकाने न विचारता माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वजन टाकलं. बसायच्या हाडापाशी, जिथे मांडीमागच्या स्नायूचा कंडरा चिकटतो, तिथे काहीतरी बारीक तुटल्यासारखं झालं. आठ महिने मला कडक खुर्चीवर बसता येत नव्हतं. गंमत म्हणजे वर्गात तो दिवस "आज ताईंची बोटं पायाला लागली" म्हणून साजरा झाला. कंडऱ्याच्या त्या जागी दुखत असेल तर अजून ताणून ते बरं होत नाही, चिघळतं. तिथे ताण कमी करून स्नायू हळूहळू बळकट करावा लागतो. हेही मला नंतर फिजिओथेरपिस्टकडे कळलं.

तेव्हापासून माझा नियम असा: वर्ग सुरू होताना, सगळे डोळे मिटून बसलेले असताना, विचारायचं, "हात लावून मदत नको असेल त्यांनी तळहात उताणे ठेवा." कुणालाही इतरांसमोर नाही म्हणावं लागत नाही. आणि होकार असला तरी हात दिशा दाखवायला असतो, ढकलायला नाही. बोटांनी होतं तिथे तळहात नको. शवासनात मागून येऊन कुणाच्याही कपाळाला, खांद्याला हात लावू नका. डोळे मिटलेला माणूस दचकतो.

कुणाला काय द्यायचं नाही

पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून लेखी माहिती घ्यायची, आणि ती घेतल्यावर वाचायचीही. उच्च रक्तदाब असेल तर डोकं फार वेळ खाली नको, श्वास रोखणं नको. काचबिंदू असेल तर उलटी आसनं पूर्ण बंद, कारण शीर्षासनात डोळ्यातला दाब खूप वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून पुढे वाकवू नका. मणका पुढच्या बाजूने दबून मोडू शकतो. त्यांना खुब्यातून, पाठ सरळ ठेवून, तेही अर्ध्यापर्यंत. हर्निया, अपस्मार, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत कपालभाती-भस्त्रिका नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात फार वेळ पाठीवर निजवू नका, शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांत लोड घेऊन. मासिक पाळीत काय करायचं ते त्या बाईला ठरवू द्या.

रोगाचं नाव तुम्ही सांगायचं नाही. "हे डॉक्टरांना दाखवून या" हे वाक्य न लाजता म्हणता आलं पाहिजे. गोळ्या बंद करा असं सांगणारा योगशिक्षक योग शिकवत नसतो, दुसऱ्याच्या जिवाशी खेळत असतो.

पाठटाचण

शाळेच्या शिक्षकांसारखं आपल्यालाही पाठटाचण काढावं लागतं. एका तासाचा माझा ठोकताळा: बसून श्वास स्थिरावायला 5 मिनिटं, सूक्ष्म हालचाली 10, आसनं 25, प्राणायाम 8, शवासन 10, उठून बसून निरोप घ्यायला 2. वेळ कमी पडली की नवखे शवासन कापतात. आसनं कापा.

आसनांचा क्रम शेवटाकडून मागे लिहा. उष्ट्रासनापर्यंत पोचायचं असेल तर त्याला काय लागतं? मांडीची पुढची बाजू उघडी, छाती मोकळी, पाठीचे स्नायू जागे. म्हणून आधी अश्वसंचालन, मग भुजंगासन, सेतुबंध. उष्ट्रासनातून बाहेर आल्यावर लगेच पश्चिमोत्तानासनात झोकून देऊ नका. वज्रासनात कणा सरळ ठेवून थोडे श्वास, मग हलका पीळ, मग पुढे वाकणं. प्रत्येक आसनापुढे तीन माणसं डोळ्यांसमोर आणून तीन पर्याय लिहा: कडक, सैल आणि दुखरा. लोड, पट्टा, ठोकळा, खुर्ची, भिंत यांपैकी कुणाला काय लागेल ते तिथेच नोंदवा आणि वर्गाआधी हाताशी ठेवा. ठोकळा देताना "जमत नसेल तर हा घ्या" म्हणू नका. सगळ्यांनाच एकेक द्या.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लेखी, तोंडी, आणि एक पाठ घेऊन दाखवायचा. पाठात परीक्षक मध्येच एखाद्याला चुकीचं आसन करायला सांगून ठेवतात आणि तुमची नजर तिकडे जाते का ते बघतात. जाईल.

पहिला खरा वर्ग

अर्धा तास आधी पोचा. दिवे, आवाज कुठपर्यंत जातो, शेवटच्या रांगेतून तुम्ही दिसता का, ते स्वतः शेवटच्या रांगेत बसून बघा. वर्ग संपल्यावर दहा मिनिटांच्या आत वहीत लिहा: काय ठरवलं होतं, काय झालं, कोण कुठे अडलं. उद्यावर टाकलं तर फक्त कौतुक आठवतं.

माझ्या पहिल्या वर्गाला नऊ जण होते. टाचणात 14 आसनं होती, झाली 8. आवाज थरथरला नाही, श्वास आधी सांगितला, 'हळूच' फार तर दहा वेळा आलं असेल. त्रिकोणासन अगदी मनासारखं झालं, सगळ्यांचे तळपाय जागेवर. मी समाधानाने म्हटलं, "आता सावकाश खाली बसा." सगळे बसले. मागच्या रांगेतल्या एक आजी उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, डावी बाजू राहिली ना?"

तेव्हापासून माझ्या टाचणात प्रत्येक आसनापुढे दोन चौकोन असतात, 'उ' आणि 'डा', नावे आणि जमा असावेत तसे शेजारीशेजारी. दोन्हींवर खूण झाल्याशिवाय मी पुढच्या ओळीवर जात नाही.